नाताळातलं देणं: किती, कुणाला आणि कसं

डिसेंबर लागला की नंदुरबार, नवापूर, धुळे, भुसावळ इथल्या ख्रिस्ती घरांवर कागदी चांदण्या चढतात आणि शेजारपाजारचे दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, केक कधी देताय? दुसरा जरा संकोचून विचारलेला असतो: तुमच्यात या सणाला दान करावंच लागतं का, आणि कमाईचे दहा टक्के देतात म्हणतात ते खरं का? दुसऱ्या प्रश्नाचं नीट उत्तर खुद्द ख्रिस्ती घरांतही अनेकांना देता येत नाही. दशमांश, अर्पण, फराळाची ताटं, वसतिगृहाला दिलेल्या चादरी, चर्चची पावती, आयकरातली सवलत हे सगळं आपण 'दान' या एकाच नावाखाली ढकलून देतो. मग किती दिलं, कुणाला पोचलं, कशासाठी दिलं याचा पत्ता लागत नाही. म्हणून हे सगळं सुटं करून सांगतो.

सण किती दिवसांचा

कॅलेंडरवर नाताळ एका चौकटीत मावतो, पण चर्चच्या वर्षात तो महिनाभर पसरलेला असतो. 25 डिसेंबरच्या आधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ. त्यातला पहिला रविवार 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर यांच्या दरम्यान येतो. मग 25 तारीख, आणि तिथून बारा दिवसांनी, 6 जानेवारीला प्रकटीकरणाचा सण. पूर्वेकडचे मागी, म्हणजे ज्ञानी, लोक सोनं, ऊद आणि गंधरस घेऊन बाळ येशूला भेटायला आले, त्याची ही आठवण. सगळ्या मंडळ्या, म्हणजे चर्चचे समुदाय, हे सारखंच पाळतात असं नाही. कॅथलिक चर्चमध्ये आगमनकाळाच्या मेणबत्त्या लागतात, 24 च्या रात्री मिस्सा, म्हणजे उपासना, होते. आपल्याकडच्या बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्यांत 25 ची सकाळची उपासना मोठी असते, आणि नवापूरकडच्या पाड्यांवर मेणबत्त्यांपेक्षा रात्रीच्या गाण्यांच्या फेऱ्यांना जास्त रंग चढतो. ढोलकी, टाळ, एखादं हार्मोनियम, आणि मावचीत किंवा मराठीत रचलेली येशूजन्माची गाणी. एका घरून चहा, दुसऱ्या घरून शेंगदाणे असं करत पोरं पहाटेपर्यंत फिरतात.

देण्याच्या दृष्टीने 25 तारखेपेक्षा हे आधीचे चार आठवडेच महत्त्वाचे. याच काळात बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे उतारे वाचले जातात. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात लोक त्याला विचारतात, "मग आम्ही काय करावं?" तो मोठं तत्त्वज्ञान सांगत नाही. ज्याच्याकडे दोन अंगरखे आहेत त्याने एकही नसलेल्याला एक द्यावा, आणि ज्याच्याकडे खायला आहे त्यानेही तसंच करावं, एवढंच सांगतो. आपल्याकडे हा उतारा वाचला जातो तेव्हा धुळ्याचा पारा अनेकदा एकेरी आकड्यावर आलेला असतो. सातपुड्यात, तोरणमाळ-धडगावच्या अंगाला, त्याहून वाईट. अंगरख्याचा दाखला इथे कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

ज्या घरात देण्याचं गणित जमलेलं असतं, त्या घरात ते याच आठवड्यांत ठरलेलं असतं. नवे कपडे किती, फराळाला किती, अर्पण किती, बाहेर द्यायचं किती, हे सगळं एका बैठकीत, पोरांसमोर. 24 तारखेला बाजारातून परत येताना पाकिटात उरलेले सुटे पैसे म्हणजे दान, असं ज्या घरात चालतं तिथे दरवर्षी कमीच उरतं. माझं ठाम मत आहे की नाताळातलं देणं चर्चच्या दारात ठरत नाही, ते आधी घरातल्या चुलीपाशी ठरतं, आणि तसं ठरलं नाही तर ते नीट होतच नाही.

एका सणात तीन वेगळी देणी

बायबलच्या जुन्या करारात एस्तेरच्या पुस्तकात, नवव्या अध्यायात, एका सणाची आज्ञा आहे. संकट टळलं म्हणून लोकांनी आनंद करावा, एकमेकांना ताटं पाठवावीत आणि गरिबांना दानं द्यावीत. ताटं आणि दानं वेगवेगळी मोजली आहेत, आणि तेच इथे कामाचं आहे. त्यात मंडळीच्या उपासनेत वाहिलेलं अर्पण मिळवलं की तीन देणी होतात. अर्पण हे उपासनेचा भाग म्हणून देवाला वाहिलेलं असतं. त्यातून पाळकसाहेबांचं मानधन, चर्चचं वीजबिल, संडे स्कूल, आजारी माणसाच्या औषधाची मदत असे खर्च चालतात. ताट हे बरोबरीच्या माणसाला पाठवायचं असतं. तिकडूनही काहीतरी येतंच, दिवाळीला नाहीतर ईदेला. दान हे ज्याच्याकडून काहीही परत येणार नाही त्याला द्यायचं.

ताटाबद्दल जरा थांबून सांगावंसं वाटतं, कारण आमच्या भागात सणाचा जीव तिथे आहे. मराठी ख्रिस्ती घरांतला नाताळचा फराळ दिवाळीच्या फराळासारखाच: करंज्या, शंकरपाळे, चकल्या, शेव, कुठे अनारसे. सोबत बेकरीतून भाजून आणलेला केक. रात्रीच्या जेवणाला कोंबडी किंवा मटण काळ्या मसाल्यात, आणि थंडीचा मोसम असल्याने भरताची वांगीही स्वस्त आणि चवदार, म्हणून कळण्याची भाकरी आणि भरीतही होतंच. ताटं भरायला बसलं की पहिला प्रश्न असतो कुणाच्या ताटात काय नको. जैन घरी जाणाऱ्या ताटात अंड्याचा केक जात नाही. मार्गशीर्षातले गुरुवार धरणाऱ्या काकूंचं ताट गुरुवारी न नेता शुक्रवारी न्यायचं. आमच्या आईची एक पद्धत होती. ती प्रत्येक ताटावर विणलेला रुमाल घालायची आणि रुमाल सगळे एकसारखे असायचे. तहसीलदाराच्या घरी गेलेलं ताट आणि धुणीभांडी करणाऱ्या मावशीच्या घरी गेलेलं ताट वरून ओळखू येत नसे, आणि रुमाल काढल्यावरही नसे. करंज्या मोजून तेवढ्याच.

नहेम्याच्या आठव्या अध्यायात सणाच्या दिवशी लोकांना सांगितलंय की गोडधोड खा, आणि ज्याच्या घरी काही तयार झालेलं नसेल त्याला वाढून पाठवा. म्हणजे गरज असलेल्या घरीसुद्धा आधी ताट जावं. आई या वचनाचा उल्लेख करायची असं नाही, पण ती करत होती ते हेच होतं. गरजू माणसाला पिशवीत घालून धान्य देणं आणि रुमाल घातलेलं ताट देणं, दोन्ही लागतं. पण ताट आधी गेलं की पिशवी घेताना त्याची मान खाली जात नाही.

दहा टक्क्यांचं काय

आता दशमांश. मोशेच्या नियमशास्त्रात जमिनीच्या उत्पन्नाचा आणि जनावरांचा दहावा हिस्सा देवाचा, असं लेवीय 27 मध्ये आहे. तो मंदिराची सेवा करणाऱ्या लेवी कुळातल्या लोकांच्या निर्वाहासाठी जायचा, कारण त्यांना जमिनीचा वाटा नव्हता. अनुवाद 14 मध्ये आणखी एक तरतूद आहे, ती फार कमी वेळा सांगितली जाते: दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश गावातच साठवायचा आणि तो लेवी, परदेशी, अनाथ आणि विधवा यांनी पोटभर खावा. शेताच्या कडेचं पीक पूर्ण कापू नये, पडलेली कणसं गोळा करू नयेत, ती गरिबासाठी आणि परक्यासाठी सोडावीत, ही लेवीय 19 मधली आज्ञा त्याच धाग्यातली. कापूस वेचून झाल्यावर उरलेली बोंडं वेचायला येणाऱ्या बायकांना जो शेतकरी हटकत नाही, त्याला ही आज्ञा वाचून दाखवायची गरज नाही.

नव्या करारात मात्र ख्रिस्ती माणसासाठी टक्केवारी ठरवून दिलेली नाही. प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला लिहितो की प्रत्येकाने आपल्या कमाईप्रमाणे आठवड्याच्या पहिल्या दिवशी काही बाजूला काढून ठेवावं. दुसऱ्या पत्रात म्हणतो, ज्याच्याजवळ जे आहे त्या मानाने दिलेलं मान्य होतं, नाही त्या मानाने नव्हे. आणि प्रत्येकाने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, कुरकुरत किंवा भाग पडलं म्हणून देऊ नये. त्यामुळे काही मंडळ्या दशमांश बंधनकारक मानतात, काही तो चांगला धडा म्हणून सांगतात, आणि दोघीही प्रामाणिक असू शकतात. महिना 22,000 रुपये पगार असलेल्या घरात दशमांश 2,200 होतो. घरात आजारपण नसेल तर हे जमतं. डायलिसिसवर माणूस असेल तर जमत नाही, आणि तिथे 200 रुपये दिले तरी ते देणंच आहे.

एका गोष्टीचा मला मनापासून राग आहे, ती इथेच सांगतो. "तू दे, देव तुला दहापटीने परत करील" असं सांगून डिसेंबरात पाकिटं वाटणारे प्रचारक आता पाड्यापाड्यांवर पोचले आहेत. कापसाचा भाव पडलेला असताना, बँकेचा हप्ता थकलेला असताना, माणूस उसने काढून पाकीट भरतो. वर उद्धृत केलेल्या पौलाच्या ओळीच याला उत्तर आहेत. कर्ज काढून अर्पण द्यायला सांगणारी शिकवण बायबलची नाही. तीच गोष्ट सणाच्या खर्चाची. हप्त्यावर मोबाइल आणि उधारीवर पाच जणांचे नवे कपडे घेऊन झालेला नाताळ जानेवारीत अख्ख्या घराला सतावतो.

26 डिसेंबर आणि विधवांची यादी

नाताळच्या दुसऱ्या दिवशी, 26 डिसेंबरला, संत स्तेफनाचा दिवस असतो. चर्चबाहेर तो फारसा कुणाला ठाऊक नसतो. इंग्लंडमध्ये याच दिवसाला बॉक्सिंग डे म्हणतात आणि नोकरचाकर, पोस्टमन यांना बक्षिसी देण्याची रीत तिथे होती. पण स्तेफनाची मूळ गोष्ट प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात आहे, आणि मदतवाटप करणाऱ्या प्रत्येक माणसाने ती वाचायला हवी.

यरुशलेमच्या पहिल्या मंडळीत रोजच्या जेवणाचं वाटप होत असे. तिथे दोन प्रकारचे लोक होते: इब्री बोलणारे स्थानिक आणि ग्रीक बोलणारे, बाहेरून येऊन स्थिरावलेले. ग्रीक बोलणाऱ्यांनी तक्रार केली की रोजच्या वाटपात आमच्या विधवा वगळल्या जातात. मुद्दाम वगळत असतील असंही नाही. वाटप करणाऱ्याला ओळखीचेच चेहरे दिसतात, ओळखीचीच भाषा ऐकू येते. येशूच्या बारा शिष्यांनी, म्हणजे प्रेषितांनी, तक्रार दाबली नाही. सगळ्या मंडळीला बोलावून सात माणसं निवडायला सांगितली आणि वाटप त्यांच्या हाती दिलं. त्या सातांची नावं दिली आहेत: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, नीकलाव. सातही नावं ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांची माणसं वगळली जात होती, बहुधा त्यांच्यातल्याच माणसांकडे यादी आणि शिधा दोन्ही सोपवलं गेलं.

आता हे आपल्याकडे आणा. शहरातल्या एका मंडळीने नाताळला पन्नास ब्लँकेटं वाटायचं ठरवलं. पंचांची बैठक झाली, खजिनदार आले, शहरातले चार नोकरदार वडीलधारे आले. यादी कुणाची होणार? दर रविवारी पुढच्या बाकावर दिसणाऱ्यांची. मावची बोलणारी, पाड्यावरून महिन्यातून एकदाच येणारी, मागे जमिनीवर बसणारी म्हातारी त्या यादीत येत नाही. पावरी बोलणारा धडगावकडचा मजूर तर चर्चला येतच नाही, कारण तो ख्रिस्ती नाही. पण थंडी त्यालाही तेवढीच वाजते. म्हणून यादी करणाऱ्यांत त्या पाड्यावरचं एक माणूस आणि निदान एक बाई हवीच. सोबत गावातल्या आशाताईंना, म्हणजे आरोग्यसेविकांना, विचारावं. कुणाच्या घरी बाळंतीण आहे, कोण टीबीच्या गोळ्यांवर आहे, कुणाचा मुलगा बाहेरगावी गेलाय आणि म्हातारी एकटी आहे, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. आजार कोणता हे त्यांनी सांगू नये, आपणही विचारू नये. घर कळलं तरी पुरतं. एका पाड्यावर वाटपाच्या वेळी एका जिभाऊंनी मला सुनावलं होतं, "भाऊ, ब्लँकेट देताय ते ठीक, पण त्या टोकाच्या घरी आधी जा, ते कधीच मागणार नाहीत." यादीत ते घर नव्हतं.

याच पुस्तकात पुढे, नवव्या अध्यायात, यापो गावच्या दुर्कसची गोष्ट आहे. ती विधवांसाठी अंगरखे आणि कपडे शिवायची. ती वारली तेव्हा त्या बायका रडत रडत तिने शिवलेले कपडे प्रेषित पेत्राला दाखवत होत्या. आपल्याकडच्या भगिनी मंडळांत शिवणाचं काम करणाऱ्या बायका तिचंच नाव घेतात. तयार स्वेटर घेणं सोपं असतं, पण मापाने शिवलेला झंपर घालणारीला वेगळाच वाटतो.

काय द्यावं

थंडीचे कपडे द्यायला हवेत हे सगळेच सांगतात. नंदुरबारच्या बाबतीत त्याला एक वैद्यकीय कारणही आहे. इथल्या आदिवासी समाजात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणात आहे. थंडीत, अंगात पाणी कमी पडल्यावर किंवा ताप आल्यावर या रुग्णांना हाडं-सांधे फोडून काढणाऱ्या वेदनांचा झटका येऊ शकतो. सिकलसेल असलेल्या पोराला दिलेली जाड चादर, स्वेटर आणि पायमोजे म्हणजे औषधाच्या जोडीचं काम. याच कारणाने नाताळच्या आठवड्यात मंडळीने रक्तदान शिबिर ठेवणं मला फराळवाटपाइतकंच महत्त्वाचं वाटतं. काही रुग्णांना वारंवार रक्त लागतं आणि सुट्ट्यांच्या दिवसांत रक्तपेढ्यांत चणचण भासते. नियम साधे आहेत: वय 18 ते 65, वजन किमान 45 किलो, हिमोग्लोबिन किमान 12.5, आणि दोन रक्तदानांत पुरुषांसाठी 90 दिवस, बायकांसाठी 120 दिवसांचं अंतर.

ज्यांना मोठी रक्कम द्यायची आहे त्यांनी कायम चालणारं काम शोधावं. नवापूर तालुक्यातलं चिंचपाड्याचं ख्रिश्चन हॉस्पिटल 1942 साली मिशनऱ्यांनी सुरू केलं आणि पुढे ते इमॅन्युएल हॉस्पिटल असोसिएशनकडे आलं. असं एखादं रुग्णालय, वसतिगृह, शाळा चालते ती वर्षभराच्या लहान लहान देणग्यांवर. खानदेशात आणि शेजारच्या गुजरातेत 1899-1900 चा दुष्काळ (विक्रम संवत 1956 म्हणून 'छपन्नचा') पडला तेव्हा पश्चिम भारतातल्या अनेक मिशन केंद्रांनी अनाथ पोरांसाठी घरं उघडली. केडगावला पंडिता रमाबाईंनी दुष्काळातल्या मुली-विधवांना आसरा दिला तोही त्याच सुमारास. त्या वेळी एकदा दिलेलं अन्न पुरलं नसतं. रोज कुणीतरी द्यावं लागलं.

वसतिगृहात किंवा बालगृहात केक घेऊन जाणार असाल तर एक पथ्य कडक पाळा. मुलांचे फोटो काढून ग्रुपवर टाकू नका. बाल न्याय कायदा, 2015 च्या कलम 74 नुसार काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करायला बंदी आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, त्या पोराला मोठेपणी स्वतःचा हात पसरलेला फोटो सापडावा असं कुणाला वाटेल? ज्याच्यावरून सांताक्लॉज आला तो संत निकोलस चौथ्या शतकातला, आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावचा बिशप. त्याची प्रसिद्ध गोष्ट अशी की एका गरीब बापाच्या तीन मुलींची लग्नं अडली होती, तर हा रात्रीच्या अंधारात खिडकीतून सोन्याच्या मोहरांची थैली टाकून निघून गेला. "तुझा उजवा हात काय करतो हे तुझ्या डाव्या हाताला कळू देऊ नको" हे मत्तयच्या सहाव्या अध्यायातलं येशूचं वचन त्याने अक्षरशः पाळलं.

अट घालायची नाही

हे मी मुद्दाम वेगळं लिहितो, कारण याबद्दल संशय असतो आणि तो उघड बोलून मिटवायला हवा. मदतीच्या बदल्यात कुणी चर्चला यावं, नाव बदलावं, पूजा सोडावी असं सुचवणंसुद्धा चुकीचं आहे. लूकच्या चौदाव्या अध्यायात येशू सांगतो, मेजवानी करशील तेव्हा मित्र, नातेवाईक, श्रीमंत शेजारी यांना बोलावू नको, ते तुला परत बोलावतील. गरीब, अपंग, लंगडे, आंधळे यांना बोलाव, कारण त्यांच्याकडे परतफेड करायला काही नाही. श्रद्धा बदलून घेणं हीसुद्धा परतफेडच झाली. त्यामुळे प्रीतिभोजनाच्या पंगतीला गावातला कुणीही यावा आणि जेवून आपल्या घरी जावा. आणि उलट बाजूने, हिंदू-मुसलमान शेजाऱ्याने नाताळच्या मदतीत धान्य घातलं तर मंडळीने ते आनंदाने घ्यावं. आमच्याकडे सारंगखेड्याच्या यात्रेत, दत्तजयंतीला, पाण्याच्या टाक्या भरायला ख्रिस्ती पोरं जातात. नाताळच्या पंगतीला मंडप बांधायला तिकडची पोरं येतात. हे असंच चालत राहायला हवं.

पावती, हिशेब आणि कर

अर्पणाचे पैसे नेहमी दोघांनी मिळून मोजावेत, त्याच दिवशी वहीत चढवावेत आणि दोघांनी सही करावी. नाताळचं विशेष अर्पण कशासाठी गोळा होतंय हे आधी जाहीर करावं आणि जानेवारीत मंडळीपुढे किती आलं, कुठे गेलं ते वाचून दाखवावं. सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या चर्चना किंवा संस्थांना महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 लागू असतो. हिशेब ठेवणं आणि त्यांचं ऑडिट करून घेणं विश्वस्तांवर बंधनकारक आहे. देणगीदाराने हिशेब मागितला तर तो अविश्वास समजू नये.

कराबद्दल एक गैरसमज सर्रास आहे. थाळीत टाकलेल्या अर्पणावर आयकरात वजावट मिळत नाही. ज्याला आपण 80जी म्हणतो ती वजावट ठराविक मान्यता असलेल्या धर्मादाय संस्थांना दिलेल्या देणगीवर, आणि जुनी करप्रणाली निवडणाऱ्यांनाच मिळते. 2,000 रुपयांहून जास्त रोख दिले तर त्यावर वजावट नाही, म्हणून चेकने किंवा यूपीआयने द्यावं आणि संस्थेकडून साध्या पावतीसोबत आयकरासाठी लागणारं देणगीचं प्रमाणपत्रही मागून घ्यावं. परदेशातल्या नातेवाइकाने थेट संस्थेला पैसे पाठवायचे असतील तर त्याचा पासपोर्ट कुठला हे आधी बघा. परदेशी नागरिकाची देणगी घ्यायला संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखालची, नोंदणी लागते. भारतीय नागरिक परदेशात नोकरीला असेल आणि बँकेमार्फत स्वतःच्या बचतीतून देत असेल तर ती परदेशी देणगी धरली जात नाही.

ऊसतोडीवर गेलेल्यांचं काय

शेवटचा मुद्दा वेळेचा, आणि खानदेशात तो फार महत्त्वाचा. दिवाळीनंतर नंदुरबार-धुळ्याच्या आदिवासी गावांतली हजारो माणसं कोयता घेऊन दक्षिण गुजरातच्या ऊसतोडीला जातात. नवऱ्याबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, फिटेपर्यंत परत यायचं नाही. 25 डिसेंबरला पाडा अर्धा रिकामा असतो. ज्यांना मुकादम सोडतो ते दोन दिवसांसाठी येतात. बाकीचे तिकडेच, फडावर, पालाबाहेर एखादी चांदणी बांधून गाणी म्हणतात. गावात राहतात म्हातारे आणि शाळकरी पोरं. म्हणजे आपण गावात जाऊन वाटप करतो तेव्हा ज्यांना मदतीची सगळ्यात जास्त गरज असते ती माणसं तिथे नसतातच.

यावर करता येण्यासारखं बरंच आहे. आगमनकाळातल्या एखाद्या रविवारी मंडळीच्या तरुण संघाने फडावर जावं, पण तिथे केकऐवजी तेल, डाळ, खोकल्याची औषधं आणि पोरांसाठी गरम कपडे न्यावेत. 'एक देश, एक रेशन कार्ड' योजनेमुळे महाराष्ट्राचं कार्ड गुजरातच्या रेशन दुकानातही चालतं. आधार जोडणी नसेल तर ती करून देणं हे दहा किलो तांदूळ वाटण्याहून टिकाऊ काम आहे. गावात मागे राहिलेल्या आजी-आजोबांकडे ताट 25 लाच न्यावं, आणि पोरांचं दप्तर-वह्या तेव्हाच विचारून घ्याव्यात.

आमच्या घरी नाताळसाठी बाजूला काढलेल्या रकमेचे आता दोन भाग होतात. एक डिसेंबरात खर्च होतो. दुसरा राखून ठेवलेला असतो, कारण ऊस संपून ही कुटुंबं उन्हाळ्यात परततात तेव्हा हातात फारसं काही नसतं आणि जूनच्या मध्याला शाळा उघडते. वह्या, गणवेश आणि एसटीचा पास, यांचा खर्च त्या दुसऱ्या भागातून होतो. त्याचा हिशेब त्याच वहीत, नाताळच्याच पानावर लिहिला जातो.